चुकतं

त्या डिसेंबरात डल्सी पार्डीच्या हिशेबात
फार चुका निघाल्या.
तीस वर्षं कानामागे पेन्सिल खोचून
पैन् पै जुळवणारी बाई,
आणि एकाएकी रोज कुणाला तरी सांगायची,
"तुझ्या पानावर माझी बेरीज चुकली बघ.
तुझं काही देणं नाही."

मी सोळा वर्षांची. तिच्या दुकानात फळ्या पुसायचे.
न्यूफाउंडलंडच्या आमच्या त्या खाडीवर
अंधार चारलाच पडतो.
तो पडला की मागच्या दाराने कुणी यायचं
बुटांचा बर्फही न झटकता.
हेडली स्नूक, ज्याची स्वतःची बोट बँकेकडे गहाण,
अकरा डॉलर ठेवून म्हणाला,
"नाव नको. पानाचा आकडा सांग."
शाळेच्या बसची ड्रायव्हर आली.
पाद्रीबुवा आले, आणि त्यांच्याशी वर्षभर अबोला धरलेला
म्हातारा लिअँडर त्यांच्याच मागोमाग.
दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही,
म्हणजे पाहिलं,
पण बघत राहिले स्टोव्हकडे.

मासळीचा कारखाना ऑक्टोबरातच बंद पडलेला.
बेकारभत्त्याला बायकांचे दोन-दोन आठवडे कमी पडत होते.
वहीत नुसतं पीठ, चहा, डब्यातलं दूध.
मनुका कुणाच्याच पानावर नाहीत.

व्हर्ना कीपिंगला मात्र चूक मान्य नव्हती.
तिने पर्समधून चिठ्ठ्या काढल्या,
जूनपासूनच्या, रबरबँड लावलेल्या,
काउंटरवर पत्त्यांसारख्या मांडल्या.
"एकशे बेचाळीस डॉलर, तीस सेंट.
तुझी बेरीज बरोबर आहे, डल्सी.
तू खोटं बोलतेयस, आणि तुला ते जमत नाही."
पिशवीतला एकेक डबा परत फळीवर ठेवला,
लेबल पुढे करून.
तिचा धाकटा दाराशी उभा होता.
त्याने मनुकांच्या पुडीकडे बघितलं नाही.
इतकं नीट न बघणं
मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

आमच्याकडे नाताळच्या बारा रात्री सोंगं निघतात.
डोक्यावर उशीचा अभ्रा,
नवऱ्याचा कोट बायकोला, बायकोचा झगा नवऱ्याला,
श्वास आत ओढून बोलायचं.
घरच्यांनी ओळखायचं.
ओळखलं, की तोंड उघडं करावंच लागतं.

तिसऱ्या रात्री आम्ही सात जण
व्हर्नाच्या स्वयंपाकघरात घुसलो.
नाचलो. कपबशा खडखडल्या.
हेडलीने चमचे वाजवले, डाव्या हाताने,
आणि अख्ख्या खाडीत डावरा तो एकटाच.
डल्सीच्या अभ्र्याला कानाशी
पेन्सिलीचं टोक टेकून उंचवटा आलेला.
पोरं ओरडली, "आई, ओळख ना! ओळख!"

तिने एकेकाला नखशिखांत न्याहाळलं.
माझ्या बुटांपाशी थांबली.
ते तिच्याच बहिणीचे, मला दिलेले.
मग लाकडांच्या पेटीमागे
कुणीतरी हळूच सरकवलेल्या पिशवीकडे तिची नजर गेली,
तिथे थोडी बसली,
परत आली.

"परगावची दिसतायत," व्हर्ना म्हणाली.
"मला नाही बाई यातलं कुणी ओळखू येत."

आणि चहाचं आधण ठेवलं.
अभ्रे नाकापर्यंत वर करून आम्ही तो प्यालो.
तेवढा वेळ ती
भिंतीकडे तोंड करून उभी होती,
भिंतीवर काही नव्हतं तरी.

डल्सी गेली. वही माझ्याकडे आली.
सतराव्या पानावर एकशे बेचाळीस तीस,
त्यावर एक तिरपी रेघ,
खाली तिच्या अक्षरात एवढंच:
चुकतं.

कोण चुकलं, कुणी चुकवलं,
ते लिहिलेलं नाही.